तेरावा महिना

गदिसा सर फळ्यावर बाण काढतात:
खोदाई, पाया, खांब, स्लॅब.
ज्या कामाला एका दिवसाचीही सैल नाही
ते क्रिटिकल. त्याला लाल खडू.
बाकीच्यांना फ्लोट.
मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतं, फ्लोट म्हणजे नक्की काय,
आणि कधी न हसणारे सर
न हसताच म्हणतात,
पागुमे.

वर्ग खो खो हसतो.
तीस-तीस दिवसांचे बारा महिने मोजून झाले
की खाली उरतात ते पाच दिवस, कधी सहा.
पगारदाराला त्यांचा पगार नाही,
घरमालक त्यांचं भाडं मागत नाही.
कुठे म्हणे दुष्काळात येतो तेरावा महिना.
आमच्या जिम्मात तो दरवर्षी येतो,
आणि त्याच्या मागोमाग पिवळी फुलं.

पैशाचं कालमूल्य हा धडा मला येतच होता.
आईच्या भिशीत, तिला आम्ही एकुब म्हणतो, बारा बायका.
दर शनिवारी दोनशे बिर्र आणि एक चिठ्ठी.
मी सिव्हिलला प्रवेश घेतला तेव्हा
आईची चिठ्ठी शेवटची निघाली, झेयनबाची पहिली.
आईने पाळी बदलून घेतली
आणि वर एक किलो कॉफी दिली, कच्ची, निवडलेली.
सूत्र शिकले त्या रात्री
मी तो किलो व्याजदरात बसवून पाहिला:
वर्षाला पाऊणशे टक्के!
आईला सांगितलं नाही.
तिला वाटतं, झेयनबाने उपकार केले.

मग ओढ्यावरच्या साकवाचं गणित.
बारा टक्के दराने
पन्नास वर्षांनंतरचा एक बिर्र
आज सांतिमचा जेमतेम तिसरा हिस्सा.
म्हणजे त्या साकवावरून शाळेत जाणारी
माझी नात
बेरजेत जवळजवळ नाहीच.
मी उत्तर दोनदा तपासलं. बरोबर होतं.

परीक्षेआधीचा गृहपाठ मात्र खराखुरा होता.
वर्गाच्या खिडकीतून दिसणारी लायब्ररीची नवी इमारत,
तिला निलगिरीच्या वाशांचा परांचा,
आणि लाकडी पाटावरून काँक्रीट वाहणाऱ्या बायका,
एक पुढे, एक मागे, मयत न्यावं तशा.
त्यातली मागची माझी आई. मोमिना.
तक्त्यात तिचं नाव: अकुशल मजूर, स्त्री.
तिसऱ्या आठवड्यात चौदा जणी, नंतर नऊ.
हा उंचवटा सपाट करा, असं प्रश्नात होतं.

मी गिलाव्याला पाच दिवस पुढे ढकललं,
होता तेवढा फ्लोट वापरून टाकला.
रेघ सरळ झाली. सुंदर.
नऊ, नऊ, नऊ, नऊ.
वीसपैकी वीस.
सरांनी वही सगळ्यांना दाखवली, सबोन्तु, उभी राहा म्हणाले.

पुढच्या सोमवारी आई दुपारीच घरी आली.
पाय धुतले, चुलीपाशी बसली.
साइटवरच्या साहेबाने पाच जणींना घरी पाठवलं होतं.
माझी वही त्याने पाहिली नव्हती.
बरोबर उत्तर एकच असतं, एवढंच.

गुरुवारपर्यंत मी गप्प राहिले.
मग वही उघडली, आलेख तिच्यापुढे धरला.
आई वाचायला शिकलेली नाही,
पण चौकोन तिला कळतात, ती विटाही मोजते.
ही काय, जिना?
नाही. हे तुम्ही.
वरचे हे पाच खोडलेत ते?

तिने एकेका चौकोनावर बोट ठेवलं,
नखात सिमेंट:
ही फोझिया. ही अलमाझ. ही मी.
ही दोघी बहिणी बोन्गाहून आलेल्या, त्यांची नावं माहीत नाहीत.
मग बोट कागदाबाहेर जरा वर नेलं,
जिथे मी काहीच काढलेलं नव्हतं,
आणि म्हणाली,
हे फोझियाच्या पाठीवरचं.